परतीची नळी

गेल्या द्राक्षाच्या हंगामात आमच्या ट्रकमधून कुठून तरी डिझेल गळत होतं. कुठून, ते सापडायला बरेच दिवस गेले. तेवढ्या दिवसांत मला ट्रकबद्दल जेवढं कळलं, तेवढं लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत कळलं नव्हतं.

ट्रक आमचा स्वतःचा, जुना घेतलेला, सहा चाकी. नवरा स्वतःच चालवतो. तो मूळचा नांदगावकडचा, त्यामुळे आठवड्यातून एखादी फेरी तिकडच्या कांद्याची असते, आणि हंगामात दिंडोरीकडच्या मळ्यांतून द्राक्षं पॅकिंगच्या शेडपर्यंत पोचवायची असतात. मी सातपूरला एका कारखान्यात तपासणी विभागात काम करते. ओतीव भाग टेबलावर येतात, त्यांवर आधी लाल रंग लावायचा, तो पुसून घ्यायचा, वर पांढरी पावडर उडवायची, आणि बघत राहायचं. भागाला कुठे चीर असली तर तिच्यात मुरलेला रंग पांढऱ्यावर हळूहळू उमटतो. दिवसभर मी चिरा शोधते. घरी मात्र ट्रक हा नवऱ्याचा प्रांत. वसाहतीमागच्या मोकळ्या प्लॉटवर तो उभा असतो आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून फक्त त्याचा टप बघते.

एका संध्याकाळी नवरा घरात आला आणि मला डिझेलचा वास आला. नेहमीचा नव्हे. ड्रायव्हरच्या घरात थोडा वास असतोच, त्याची सवय होऊन जाते. हा अगदी अंगावर आला.

"अहो, कुठे हात घातला होता? केवढा वास येतोय!"

त्याने शर्टाची बाही नाकाशी नेली आणि मग आपणच हसून खाली केली. कोरोनात त्याचा वास गेला तो परत आलाच नाही. बाकीच्यांचा महिन्या-दोन महिन्यांत आला, याचा नाही. पण जुनी सवय अजून आहे, कुणी वास म्हटलं की हात आपोआप नाकाकडे जातो.

"पंपावर टाकी फुल केली ना, तेव्हा सांडलं आसंल," तो म्हणाला.

शर्ट धुतला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. या वेळी बाहीला, खांद्याला आणि दोर बांधताना जिथे अंग घासतं तिथे बरगडीपाशी तेलकट डाग होता. मी त्याला म्हटलं, चला, मला दाखवा.

प्लॉटवर उजेड होता अजून. ट्रकखालची जमीन कोरडी होती. पण केबिनच्या मागे टाकी बसवलेली असते, तिथल्या पट्टीवर बोट फिरवलं तर धुळीचा काळा चिकट लेप हाताला आला. मी वास घेतला आणि बोट त्याच्यापुढे धरलं. त्याने आपलं बोट त्याच जागी फिरवलं, अंगठ्यावर चोळलं.

"हे तर ओलं हाय," तो म्हणाला.  मग पट्टीकडे बघत बराच वेळ नुसता उभा राहिला. मला वाटलं, डिझेल वाया जातंय म्हणून वाईट वाटत असेल. गाडी अलीकडे जरा जास्तच पिते, असं तो म्हणाला होता. त्याने ते चढावर आणि मालाच्या वजनावर ढकललं होतं.

पहिला संशय टाकीच्या झाकणावर गेला. झाकणाखालचं रबर कडक होऊन चिरलं होतं. त्याने ते बदललं आणि आम्ही विषय संपला असं समजलो. पुढची फेरी झाली आणि शर्टाला पुन्हा वास.

मग ट्रक शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या गॅरेजात गेला. तिथे ज्यांना आम्ही चाचा म्हणतो ते वयस्क मेकॅनिक आहेत. ट्रक घेतल्यापासून त्याचं सगळं त्यांच्याकडेच. चाचा खाली सरकले, टॉर्च मारत राहिले आणि फिल्टरच्या बोल्टापाशी थांबले. तिथे खरंच ओल होती. त्यांनी तांब्याचे वॉशर बदलले, सगळं पुसलं, इंजिन चालू करून जोरात रेस केलं. टिपूस नाही.

"हो गया," असं म्हणून त्यांनी हात पुसले.

त्यानंतरची फेरी नांदगावची झाली. मी शर्ट हुंगला, मग टाकीची पट्टी हुंगली. काहीच नाही. मला फार बरं वाटलं. त्यानंतर दिंडोरीची फेरी झाली आणि वास परत आला. पुन्हा नांदगाव, पुन्हा काही नाही. पुन्हा दिंडोरी, आणि बाहीला डाग.

एक दिवस जेवताना मी म्हटलं, "हे फक्त दिंडोरीला गळतंय."

त्याने घास हातात धरून माझ्याकडे बघितलं. "ट्रकला काय म्हाईत, नांदगाव कोणतं आन् दिंडोरी कोणतं?"

"ते मला माहीत नाही. पण नांदगावहून आलात की तुम्हाला कांद्याचा वास येतो, नुसता कांद्याचा. दिंडोरीहून आलात की डिझेलचा."

तो हसला, पण जेवण झाल्यावर अंगणात फेऱ्या मारताना तोच मोजत बसला की दोन्हीकडे फरक काय. नांदगावला लांबचा, सरळ डांबरी रस्ता. पोती भरलेली. दिंडोरीला अंतर कमी, पण शेवटी मळ्यातला कच्चा रस्ता, खड्डे, चढ-उतार, वर प्लास्टिकच्या कॅरेटची थप्पी. "हादरे बसत्यात," तो म्हणाला. "म्हंजे काहीतरी ढिलं हाय. पण ढिलं असतं तर चाचांना दिसलं असतं की."

आता मला घरात बसवेना. कारखान्यात टेबलावर एखाद्या भागात चीर असणार अशी खात्री असते पण ती उमटत नाही, तेव्हा जशी हुरहुर लागते, तशी लागली. सुट्टीच्या दिवशी मी त्याच्याबरोबर गॅरेजात गेले.

चाचांनी या वेळी खालून सगळी चेसी, म्हणजे ट्रकचा लोखंडी सांगाडा, साबणाच्या पाण्याने धुतली, हवा मारून वाळवली आणि एका डब्यातून पांढरी पावडर उडवायला सुरुवात केली. साधी अंगाला लावायची पावडर. मी ओरडलेच, "अहो, आम्ही पण हेच करतो!" मग त्यांना माझं काम सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं, आमचा लाल रंग कशाचा असतो ते विचारलं, आणि डबा माझ्या हातात दिला. "मग भाभी, उरलेली बाजू तुम्ही मारा. माझी कंबर वाकत नाही आता."

इंजिन चालू करून ठेवलं. आम्ही तिघं वाकून बघत राहिलो. पावडर जशीच्या तशी पांढरी. चाचांनी रेस दिली, थांबवलं, पुन्हा दिली. काही नाही.

"ही गाडी आपल्यासमोर एकदम शरीफ वागते," ते म्हणाले.

वाट बघताना मी त्यांना विचारलं, डिझेल टाकीतून इंजिनात जातं तो रस्ता कुठला? त्यांनी बोट धरून नेल्यासारखं एकेक दाखवलं. टाकीतून निघणारी नळी, मग तो हाताने दाबायचा छोटा पंप, मग फिल्टर, मग मोठा पंप, तिथून इंजिनाच्या डोक्यावर जाणाऱ्या बारीक पोलादी नळ्या. आणि मग त्यांनी दुसऱ्याच एका नळीवर बोट ठेवलं, जी उलट टाकीकडे येत होती.

"ही कशाची?"

"ही परतीची. जेवढं डिझेल पुढे जातं तेवढं सगळं इंजिन पीत नाही. उरलेलं वापस येतं. येताना गरम होऊन येतं."

मला हे नवीन होतं. इतकी वर्षं तो ट्रक आमच्या खिडकीसमोर उभा होता आणि मी समजत होते की डिझेल जातं आणि जळतं. ते परतही येतं, ऊन होऊन येतं आणि टाकीतल्या गार डिझेलमध्ये मिसळतं, हे ऐकून मी त्या नळीला हात लावून बघितला. चालू इंजिनाची नळी खरोखरच कोमट होती आणि आतली हलकी थरथर बोटांना कळत होती. नवरा बाजूला उभा राहून हसत होता. त्याला हे सगळं आधीपासून ठाऊक, पण मी कधी विचारलं नव्हतं आणि त्याने कधी सांगितलं नव्हतं.

निघताना चाचा म्हणाले, "इथे रिकामी गाडी आहे, जमीन सपाट आहे. जिथे गळते तिथेच जाऊन बघा. पावडर तशीच राहू द्या. आणि भाभी, थेंब पडतो तिथे गळत असेल असं समजू नका. डिझेल लय लांब चालत जातं. काळी रेघ दिसली की ती जिथून सुरू होते तिथे बघा."

पुढच्या सुट्टीला पुन्हा सगळं पुसून ताजी पावडर मारली, डबा बरोबर घेतला आणि मी केबिनमध्ये बसून दिंडोरीला निघाले. कामाच्या दिवशी ट्रकमध्ये बसण्याची ही माझी पहिलीच वेळ. देवदर्शनाला वगैरे बसले होते, पण तेव्हा तो पाहुण्यासारखा चालवतो. कामाला निघालेला माणूस वेगळाच होता. शहर सोडल्यावर एका चहाच्या टपरीजवळ थांबलो तर चहा सांगायच्या आधी तो खाली उतरला, ट्रकला पूर्ण फेरी मारली आणि प्रत्येक चाकाच्या मधोमध तळहाताची उलटी बाजू जवळ नेऊन बघितली.

"हे काय करता?"

"ब्रेक धरून राहिलाय का बघतो. धरला तर ड्रम तापतो."

"दर वेळी?"

"दर वेळी." मग चहाचा ग्लास हातात आल्यावर, रस्त्याकडे बघत तो म्हणाला, "एकदा चांदवडच्या घाटात मागचं चाक धरलं होतं. ब्रेकचं लायनर जळत होतं, धूर मागं चालला होता. मला कायच नाय. मागून एक गाडीवाला हॉर्न वाजवत बाजूला आला, हात करून करून त्याने थांबवलं. म्हणला, भाऊ, वास येत नाय का तुला?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"सर्दी झालीय म्हणलं."

वास गेला म्हणजे जेवणाची मजा गेली, एवढंच मला वाटत आलं होतं. आमटी खाताना तो "चांगली झाली" म्हणायचा तेव्हा मला त्याची दया यायची. ड्रायव्हरला नाक कशाकशासाठी लागतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तापलेला ब्रेक, जळणारी वायर, गळणारं डिझेल.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगून काय करणार? घरात तू हायेस. गाडीत कोण हाय?" हे त्याने तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. ग्लास ठेवला आणि उठला. त्या दिवशी पट्टीवर बोट चोळून तो इतका वेळ का उभा राहिला होता, ते मला तेव्हा कळलं.

तिथून पुढे तो मला विचारत गेला आणि मी सांगत गेले. आता कसला वास येतोय? धुळीचा. आता? कुणीतरी पाचट पेटवलंय. आता? शेणखत. आता गोडसर काहीतरी, बहुतेक वाइनच्या कारखान्याकडून येतंय, आंबल्यासारखं. त्याला त्यात गंमत वाटायला लागली. "पयल्यांदा कळलं इथून कारखाना सुरू होतो ते," तो म्हणाला. डिझेलचा मात्र वास नव्हता.

मळा एका मावशींचा होता. डोक्याला रुमाल बांधून त्या स्वतः मजुरांच्या बरोबरीने कॅरेट मोजून घेत होत्या. मळ्यात शिरायच्या वाटेवर त्यांनी पाण्याची नवी पाइपलाइन आडवी गाडली होती आणि तिच्यावर मातीचा चांगला उंच बांध राहिला होता. ट्रकला तो तिरका ओलांडावा लागे. रिकामा ट्रक बांध चढून आत आला तसा मी थांबवला, उतरले, वाकून बघितलं. पावडर पांढरी.

माल भरला. कॅरेट चढत होते तेव्हा दोनदा बघितलं. पांढरी. मावशी म्हणाल्या, "ताई, खाली काही पडलं का तुमचं?" मी सांगितलं, डिझेल शोधतेय. त्यांनी मान हलवली आणि परत मोजायला लागल्या.

भरलेला ट्रक निघाला. मी वाटेने बाजूबाजूने चालत होते. पुढचं डावं चाक बांधावर चढलं, तसा सगळा ट्रक एका अंगावर कलला आणि वरच्या कॅरेटनी करकर आवाज केला. मी हात वर केला. "थांबा! तसंच उभं करा. इंजिन बंद करू नका."

"अगं, मधेच?"

"मधेच!"

त्याने हँडब्रेक ओढला. मजुरांपैकी एकाने धावत येऊन मागच्या चाकामागे दगड लावला. मी बाजूने वाकून टॉर्च मारला. आधी काहीच दिसलं नाही. मग, चेसीच्या आतल्या अंगाने जाणाऱ्या परतीच्या नळीवर, जिथे ती आडव्या पट्टीला क्लॅम्पने बांधली होती, तिथे पांढऱ्यावर एक करडा ठिपका आला. हे मी रोज बघते, टेबलावर, चांगल्या दिव्याखाली. ठिपका मोठा झाला, त्याची रेघ झाली आणि ती रेघ नळीच्या पोटाखालून मागे मागे चालत निघाली. हातभर लांब जाऊन टाकीच्या पट्टीला लागली आणि मग तिथे एक थेंब जमून लोंबायला लागला. आम्ही इतके दिवस त्या थेंबापाशी शोधत होतो.

"अहो, या! लवकर या!"

तो उतरून माझ्या शेजारी गुडघ्यावर बसला. मी बोटाने दाखवलं. आता मला वासही येत होता, आणि पंपावर येतो त्यापेक्षा तो वेगळा होता, हलका आणि तिखट. मी ते सांगतेय तोवर त्याने हात आत घालून क्लॅम्पखाली बोट लावलं.

"गरम हाय," तो म्हणाला. "परतीचंच."

मग आम्ही लहान मुलांसारखं केलं. त्याने ट्रक मागे घेऊन सपाटीवर आणला. मी पुसून पावडर लावली. ठिपका येईना. ट्रक पुन्हा बांधावर. ठिपका आला. पुन्हा सपाटीवर, बंद. भरलेल्या वजनाने चेसी पिळवटली की चीर उघडत होती आणि ट्रक सरळ झाला की मिटत होती. नांदगावच्या सरळ रस्त्यावर ती मिटलेलीच राहत होती आणि गॅरेजात तर ट्रक रिकामाच उभा असायचा. एवढी साधी गोष्ट होती. तिसऱ्यांदा चढवायला लागलो तेव्हा मावशी धावत आल्या.

"अहो भाऊ, काय चाललंय? माझी पाइपलाइन फोडताय का?"

नवऱ्याने कान पकडले. मी त्यांना खाली वाकवून ठिपका दाखवला. त्यांनी कमरेवर हात ठेवून बघितला आणि म्हणाल्या, "एवढ्याशासाठी?" पण मग स्वतःच पुन्हा वाकून बघितलं.

चाचांना व्हिडिओ कॉल लावला. फोन नळीपाशी धरला तर त्यांना फक्त अंधार आणि माझा अंगठा दिसत होता. शेवटी नवऱ्याने तोंडी सांगितलं. चाचा म्हणाले, इंजिन बंद करा, नळी पुसा, डिझेलचा रबरी पाइप उभा चिरून तिच्यावर चढवा आणि दोन्हीकडून क्लिपा आवळा. परतीच्या नळीत जोर कमी असतो, घरी येईपर्यंत धरेल.

"ठिबकचा पाइप चालेल का?" मावशींनी फोनमध्ये डोकावून विचारलं.

"नको नको, बहन. डिझेलने तो मऊ पडतो. ट्रॅक्टरचा असेल तर द्या."

ट्रॅक्टरचा होता. त्यांच्या गोदामात खिळ्याला टांगलेला. नवऱ्याने वीतभर तुकडा कापला, क्लॅम्प सोडवला, तुकडा चढवून क्लिपा आवळल्या. नवरा बांधावर ट्रक चढवेपर्यंत मी खाली बघत राहिले. पावडर पांढरी राहिली. द्राक्षं शेडवर वेळेत पोचली. उतरवून घेणाऱ्या माणसाने माझ्या केसांतली पावडर बघून काही विचारलं नाही.

पुढचं काम चाचांनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केलं, माझी कारखान्यातली पाळी संपल्यावर, कारण मी त्यांना तसं सांगून ठेवलं होतं. नळीचा तेवढा तुकडा त्यांनी कापून काढला. नवीन नळी वाकवून, टोकांना नवीन वॉशर घालून बसवली. क्लॅम्पच्या आत रबराचं अस्तर असतं ते कधीच झिजून गळून गेलं होतं आणि लोखंडावर लोखंड घासत होतं. नवा क्लॅम्प त्यांनी जाड रबर घालून बांधला आणि नळी हलवून हलवून बघितली.

हे चालू असताना नवरा सहज बोलावं तसं म्हणाला, "चाचा, मला वास येत नाय. कोरोनापासून."

चाचा हात थांबवून त्याच्याकडे बघत राहिले. "काहीच?"

"कायच."

"आणि घाटात गाडी चालवतोस?"

"चालवतो. हाताने बघतो, कानाने ऐकतो."

चाचांनी पाना खाली ठेवला. मला वाटलं आता रागावतील. ते म्हणाले, "आधी सांगायचं ना रे. कसला वास येतो का विचारलं की तू 'वास नाही' म्हणायचास, ते मी खरं धरत होतो." थोडा वेळ त्यांनी मिशी चोळली. "इथून पुढे गाडी आली की हात लावायच्या आधी मी नाकाने एक फेरी मारेन. पण तू डॉक्टरला दाखव. कानानाकाच्या." तो हो म्हणाला. आणि खरंच गेला. डॉक्टरांनी त्याला सकाळ-संध्याकाळ चार डब्या हुंगायला सांगितल्या आहेत, लवंग, लिंबाची साल, निलगिरी आणि गुलाबपाणी. हुंगताना तो डोळे मिटतो. अजून विशेष काही नाही, निलगिरीने नाकात गार वाटतं एवढंच.

नळीचा कापलेला तुकडा मी मागून घेतला आणि कारखान्यात नेला. जेवणाच्या सुट्टीत तो आमच्या मोठ्या भिंगाखाली धरला. क्लॅम्प जिथे बसायचा तिथे नळीची गोलाई झिजून चपटी झाली होती, आरशासारखी चकचकीत, आणि त्या चकचकीत जागेच्या कडेने एक चीर गेली होती. नुसत्या डोळ्यांना तो चरा वाटला असता. मी दोन्ही हातांनी तुकडा जरा वाकवला आणि चीर उघडली. सोडला, मिटली. मी ते कितीदा केलं कोण जाणे. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, डबा खाऊन घे, पळून जाणार नाही तो.

त्यानंतरच्या एका सुट्टीला मी पुन्हा दिंडोरीला गेले. खात्री करायची होती. भरलेला ट्रक बांधावर उभा केला, मी वाकून बघितलं. कोरडा. नवरा खिडकीतून मान काढून वाट बघत होता, त्याला मी अंगठा दाखवला. तेवढ्यात मावशी आल्या.

"ताई, आल्याच आहात तर आमचा ट्रॅक्टर पण बघा ना. त्याच्याखाली पण रोज ओलं असतं."

"मावशी, मी काही मेकॅनिक नाही."

"बघा तर."

ट्रॅक्टर शेडमध्ये उभा होता, मागे फवारणीची टाकी जोडलेली. खाली मातीत ताटाएवढी ओल होती. नवरा मातीत बोट बुडवून चोळत म्हणाला, "हे चिकट नाय लागत." मी वाकून वास घेतला. डिझेलचा मागमूस नव्हता. नाकात झोंबणारा गंधकाचा वास होता.

"हे तुमचं औषध गळतंय, मावशी. फवारणीचं."

"अगं बाई! म्हणजे इतके दिवस मी मातीलाच फवारतेय की काय?" मजुराला हाक मारून टाकीत साधं पाणी भरायला सांगायला त्या गेल्या. नवऱ्याने केबिनमधून पावडरचा डबा आणला. मी म्हटलं, पाण्याला पावडर कशाला, ओली जागा अशीच दिसेल. तो म्हणाला, असू दे, आणला तर आणला, आणि टाकीच्या बुडाशी असलेल्या नळाकडे बघायला खाली वाकला. मीही दुसऱ्या बाजूने वाकले.